दगडाला पास, माणसाला ठेंगा

गावाच्या शिवेचा तंटा पडला की पाटील महारवाड्याच्या तोंडाशी यायचा. एरवी आपल्या सावलीला भिऊन वाकडी वाट करणारा. पण शीव कुठून कुठं जाते, हद्दीचा दगड कोणत्या नाल्याच्या काठाला पुरलाय, कोणत्या चिंचेपाशी वळण घेतो, हे महारालाच ठाऊक. त्याची साक्ष प्रमाण. कागद नव्हता तेव्हा गावाचं दप्तर महाराच्या डोक्यात होतं.

मग इंग्रज आला. साखळ्या ओढल्या, मोजणी झाली, नकाशे झाले, नमुने छापले. डोक्यातलं दप्तर कागदावर उतरलं. ज्याच्या डोक्यातून उतरलं त्याचंच नाव तेवढं कागदावर यायचं राहिलं.

मित्रांनो, हे जुनं रडगाणं म्हणून सांगत नाही. आज, या घडीला, भिवंडीच्या चहूबाजूंनी डोंगर फुटतायत आणि तोच खेळ पुन्हा चाललाय. जमिनीचा नाही, जमिनीच्या पोटातल्या दगडाचा. सरकार म्हणतं, आम्ही गौण खनिजाच्या नोंदीत सुधारणा केली. मी म्हणतो, केली असेल. कोणासाठी केली ते बघू.

आधी घरातली गोष्ट. १९९४ साल. माझा बाप तालुक्यातल्या एका खदानीत डबर फोडायचा. नाव सांगत नाही, कारण तेव्हा सगळ्या खदानी एकाच वाणाच्या होत्या. सकाळी सुरुंगाचा बार झाला, वरून सुटलेला दगड खाली आला आणि बापाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मुकादमानं दवाखान्यात टाकलं, हातावर चार नोटा ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तो बापाला ओळखेनासा झाला. आम्ही वकील गाठला. वकील भला माणूस, फी मागितली नाही, फक्त पुरावा मागितला. हजेरीपट? नाही. पगाराची चिठ्ठी? नाही. ओळखपत्र? नाही. मग तू त्या खदानीत होतास कशावरून? बाप म्हणाला, ‘‘पाय तिथंच पडलाय साहेब, दाखवू?’’

आता दुसरी बाजू ऐका. ज्या दगडानं पाय नेला त्याची खडी झाली. खडी ट्रकात भरली. ट्रकाला पास मिळाला. पासावर नंबर होता, तारीख होती, किती ब्रास माल, कोणत्या खदानीतून निघाला, कुठं चालला, सगळं होतं. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. त्या प्रत्येक ब्रासचं स्वामित्वधन सरकारच्या तिजोरीत जमा. म्हणजे त्या दिवशी त्या खदानीतून दोन गोष्टी बाहेर पडल्या, दगड आणि माझा बाप. दगडाकडे तो कुठून आला याचा पुरावा होता. बापाकडे नव्हता.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढं जे लिहितो ते या एका गोष्टीचं स्पष्टीकरण समजा.

दगड कोणाचा? कायदा विचारला तर उत्तर एकदम साफ. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात कलम ६९ घालून इंग्रजांनी खाणी आणि खनिजं सरकारसाठी राखून ठेवली. इंग्रज गेला, कलम नाही गेलं. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा कायदा काढा, कलम ४८ वाचा. खनिज जमिनीवर असो की खाली, जुन्या खाणीत असो, खड्ड्यात, शेतात, बांधात, नाल्यात, खाडीत, नदीच्या पात्रात, सगळ्याचा हक्क सरकारचा. इतकी बारीक यादी सरकार क्वचित करतं. माणसांची यादी करताना कधी इतका बारकावा दाखवलेला आठवतोय का कुणाला?

म्हणजे सातबारा कुणाचाही असला तरी त्याच्या खालचा दगड सरकारचा. आणि सरकार तो दगड पट्ट्यानं देतं. पट्ट्याची नोंद होते, करारनामा होतो, मुद्रांक भरला जातो. २०१३ साली गौण खनिजाचे नवे नियम आले, परवाने-पट्टे त्यांत बांधले गेले. आता तर ‘महाखनिज’ म्हणून संगणकावरची यंत्रणा आहे. डंपरला जीपीएस बसवायचा, पास ऑनलाइन काढायचा, माल कुठं निघाला, कुठं पोचला, सगळं पडद्यावर. चांगलं आहे. चोरी पकडायला हवीच. पण त्या पडद्यावर खदानीतली माणसं शोधून दाखवा. घण मारणारा, सुरुंगाची भोकं पाडणारा, क्रशरच्या तोंडाशी धुळीत उभी राहणारी बाई, एकाचंही नाव नाही. डंपर कुठं उभा आहे हे सरकारला कळतं, त्यात माल भरणारा जिवंत आहे की मेला हे कळत नाही.

खाण कामगारांसाठी कायदा नव्हता असं नाही. १९५२ चा खाण कायदा होता, कामगारांची नोंदवही ठेवा असं तो सांगायचा. पण त्यातच एक भोक होतं. दगड, मुरूम, खडी, रेती, माती यांची उघडी खदान असेल, खोली सहा मीटरच्या वर नसेल, माणसं पन्नासच्या वर नसतील आणि सुरुंग वापरत नसतील, तर कायद्याच्या बहुतेक कलमांतून सुटका. आता सांगा, खोली मोजायला टेप घेऊन कोण उतरत होतं? माणसं मोजायला कोण येत होतं? २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या कामगार संहितेत गुंडाळला गेला. संहिता म्हणते, प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्या. झकास. मग माझा प्रश्न साधा आहे. डंपरचा पास ज्या यंत्रातून निघतो त्या यंत्राला कामगाराचं नियुक्तीपत्र का दिसत नाही? एक खातं दगड मोजतं, दुसरं खातं माणसं मोजायची वाट बघतं, आणि दोघांच्या मधल्या जागेत माणूस मरतो.

आता नोंदवहीकडे वळू. गावच्या दप्तरात नमुने किती! नमुना सहा फेरफाराचा, सात आणि बारा मिळून सातबारा, आठ-अ खातेदाराचा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, २०२४ मध्ये नाव बदललं, पण दप्तर तेच. या दप्तरात आपल्या माणसांची नावं कुठं सापडतात माहीत आहे? गाव नमुना १-ई. ही अतिक्रमणांची नोंदवही. सातबाऱ्यावर पाटील, देशमुख, भोईर, म्हात्रे, म्हणजे गावातले खातेदार. आणि १-ई मध्ये कांबळे, जाधव, गायकवाड. कब्जेदार म्हणून नाही, अतिक्रमणदार म्हणून.

आणि गंमत बघा, तोच आपला आधार! १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तुरुंग भरले. माझा आजा त्यात होता. सुटून आल्यावर त्यानं गावच्या गायरानाच्या कडेला दीड एकर वरकस जमीन फोडली, नाचणी-वरई पेरली. पुढं १९७८ आणि १९९१ साली सरकारनं निर्णय काढले. गायरानावर मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करू, १४ एप्रिल १९९० पर्यंतची. तारीख आपल्याला खूश करणारी निवडली. पण पुरावा काय लागणार? १-ई चा उतारा! म्हणजे हक्क मिळवायचा तर आधी गुन्हेगार म्हणून नाव लागलेलं असलं पाहिजे. ज्यांच्याकडून तलाठ्यानं दंडाची पावती घेतली ते नशीबवान. ज्यांची नोंदच घेतली नाही, ते ना मालक ना चोर. आमच्याकडे सातबारा नाही. १-ई चा उतारा आहे. बापानं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलाय, आईच्या मंगळसूत्राशेजारी.

त्या जमिनीचा अर्ज पडून राहिला. दरम्यान त्याच गटात खदानीचा पट्टा झाला. गट नंबर तोच. पट्टा कागदावर दोन हेक्टरचा, पण ते दोन हेक्टर कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात हे दाखवणारा एक खांब जमिनीवर नाही. खदान दरवर्षी थोडी आमच्याकडे सरकते. बार झाला की वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवरून चुना गळतो. बुद्धमूर्तीच्या मागं भेग पडली, वीत-दीडवीत लांब. आम्ही तक्रार घेऊन गेलो. विचारलं, पट्ट्याची हद्द दाखवा. समोरच्या खुर्चीवरच्या माणसानं आमचाच कागद उलटा करून बघितला आणि म्हणाला, ‘‘तुम्ही स्वतःच अतिक्रमणदार. तुम्ही कोण हद्द विचारणार?’’

दोस्तांनो, ज्याच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची हद्द सांगितली, त्याला आज हद्द विचारायचा अधिकार नाही. यालाच नोंद म्हणतात.

शेजारच्या पाड्यावर एक वारली म्हातारा आहे. शेत सपाट करून देतो म्हणून एकानं त्याच्याकडून कागदावर अंगठा घेतला. सपाटीकरणाच्या नावाखाली टेकाडाचा मुरूम गेला, रातोरात, हायवा भरभरून. नेणारा गेला. नोटीस आली म्हाताऱ्याच्या नावानं. विनापरवाना खनिज काढलं तर बाजारभावाच्या पाचपट दंड, कलम ४८ मधलीच तरतूद. नाही भरला तर सातबाऱ्यावर बोजा. ज्या सातबाऱ्यानं त्याला मुरमाचा मालक मानलं नाही, त्याच सातबाऱ्यानं त्याला मुरमाचा चोर मानलं. हक्काच्या वेळी दगड सरकारचा, दंडाच्या वेळी दगड आदिवासीचा.

काही शहाणे म्हणतील, मग खनिजावर जमीनमालकाची मालकी करून टाका, प्रश्न मिटला. ८ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानं केरळमधल्या मलबारच्या जमीनमालकांच्या खटल्यात सांगितलंय की जमिनीखालचं खनिज साधारणपणे जमीनमालकाचं, कायद्यानं काढून घेतलेलं नसेल तर. आपल्याकडे कलम ४८ नं काढून घेतलेलं आहे, हा भाग वेगळा. पण क्षणभर धरा की उद्या कलम ४८ गेलं. फायदा कोणाचा? ज्याच्या नावावर जमीन त्याचा. गोदामांसाठी गुंठ्यागुंठ्याचा भाव आधीच कळलेले जे आहेत त्यांचा. भूमिहीनाच्या नावावर वर जमीन नाही, मग खाली दगड कुठून येणार? तो निकाल मालकांच्या दोन टोळ्यांतला आहे. आपण त्यात टाळ्या वाजवायचं कारण नाही.

तसाच २५ जुलै २०२४ चा निकाल. नऊ न्यायमूर्ती बसले, आठ विरुद्ध एक. स्वामित्वधन म्हणजे कर नव्हे, आणि खनिजाच्या हक्कांवर राज्यं कर लावू शकतात. १९८९ चा उलटा निकाल मोडला. मग १४ ऑगस्टला ठरलं, १ एप्रिल २००५ पासूनची मागची वसुलीसुद्धा करता येईल. वर्तमानपत्रांत मोठमोठे लेख आले, राज्याचे हक्क, संघराज्य, वगैरे. केंद्रानं खायचं की राज्यानं, एवढाच वाद. खोदणारा कोण, त्याचं काय, हा प्रश्नच कोर्टापुढं नव्हता. कोणी नेलाच नाही. आपणही नेला नाही, हे कबूल करा.

का नेला नाही? कारण आपल्याला वाटतं हा आपला विषय नाही. परवा एका कार्यकर्त्यानं मला तोंडावर सांगितलं, खदान हा पर्यावरणवाल्यांचा विषय, आपला विषय अत्याचार, आरक्षण, स्मारक. त्याला मी विचारलं, बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात कोणत्या खात्याचे मंत्री होते? मजूरमंत्री, एवढं त्याला माहीत होतं. खाणींचे कामगार त्याच खात्याखाली येत हे माहीत नव्हतं. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादला गेले आणि कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले, हे माहीत नव्हतं. खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा त्यांनी सुधारून घेतला, हे माहीत नव्हतं. १९४४ च्या सुरुवातीला खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर बसवून कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, तोही बाबासाहेबांच्याच खात्यातून. १४ एप्रिलला डीजे लावणाऱ्या पोरांना हे कोणी सांगितलंच नाही.

नीट बघा त्या निधीत काय आहे. कोळशाचा टन मोजला की त्याबरोबर कामगाराचा वाटा मोजला. खनिजाची नोंद आणि माणसाची नोंद एका दोरीला बांधली. ८० वर्षांपूर्वी! २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खनिजाच्या पैशातला वाटा खाणबाधितांसाठी, आपल्याकडे गौण खनिजालाही लागू. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यांना अग्रक्रम. कल्पना चांगली आहे, मी नाव ठेवत नाही. पण बाधित कोण? ज्याची नोंद आहे तो. माझ्या बापाची नोंद नाही, म्हणून एक पाय नसलेला माणूस बाधित नाही. आणि मंजूर झालेला रस्ता क्रशरपर्यंत गेला तर तोही विकासच.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले, शेतीही राज्याच्या मालकीची मागितली. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. तेव्हा खनिज सरकारचं आहे याला आपला विरोध असू शकत नाही. सरकारचं राहू दे. पण सरकार म्हणजे विश्वस्त. विश्वस्ताला वहीत लिहावं लागतं की मी हे कोणासाठी सांभाळतोय. आपलं सरकार सांभाळतं कोणासाठी, तर लिलावात जास्त बोली लावील त्याच्यासाठी. लिलाव म्हणजे पारदर्शकता, म्हणतात. ज्याच्या खिशात अनामत भरायला पैसा नाही त्याला लिलाव काचेतून बघता येतो, इतपत पारदर्शकता आहे खरी.

दुसरा आक्षेप येतो तो आपल्या डाव्या दोस्तांकडून. ते म्हणतात, सगळं ग्रामसभेला द्या. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा परवाना-पट्टा-लिलाव करण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. शहापूर तालुका अख्खा त्यात आहे, भिवंडी तालुक्यातली काही गावं आहेत. २०१४ मध्ये महाराष्ट्राचे नियमही आले. ही शिफारस कागदी राहू नये, यासाठी आदिवासी भावांच्या खांद्याला खांदा लावला पाहिजे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा पास स्वतःच्या ग्रामसभेच्या हातात घेतला. बांबूचा पास गाव फाडू शकतं, तर दगडाचा पास फाडताना गावाला निदान विचारायला काय हरकत आहे?

पण पेसाबाहेरच्या गावात ‘ग्रामसभा’ म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, आणि तो खोटा नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचं कौतुक करणाऱ्यांची कशी हजेरी घेतली ते तुम्ही वाचलंय. ग्रामसभेत बोलतो कोण? क्रशरचा मालक तोच सरपंचाचा साडू. ठरावावर सह्या रात्री घरोघर होतात. म्हणून मी म्हणतो, नुसती ग्रामसभा नको. ज्या वस्तीच्या भिंतीला भेग जाते त्या वस्तीची वेगळी सभा, वेगळा ठराव, आणि तो पट्ट्याच्या कागदाला जोडलेला. बौद्धवाडा, पाडा, वडारवस्ती, प्रत्येकाचा.

तिसरी पळवाट जातीच्या सवलतीची. कुंभार समाजाला पारंपरिक कामाच्या मातीवर स्वामित्वधनाची सूट आहे. कुंभार भावांच्या तोंडचा घास काढा असं मी म्हणत नाही. पण या वाटेनं आपण जायचं नाही. जातीचा दाखला दाखवा आणि बापाचा धंदा करा, ही सवलत नाही, ही गावकीच आहे, फक्त शासन निर्णयात लिहिलेली. महारकीच्या वतनाचा सापळा बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणून उघडा केला. १९५८ चा कायदा होऊन १ ऑगस्ट १९५९ पासून वतन गेलं, तेव्हा कुठं मान सुटली. जमीन परत मिळाली तीही आकाराच्या तिप्पट रक्कम भरून आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही या अटीवर. आपल्याला जन्माची सवलत नको. कामाचा हक्क हवा. जो खणतो त्याचा.

आणि हे स्वप्नातलं नाही. कशेळी-काल्हेरच्या खाडीत बघा. पूर्वी माणसं बुडी मारून बादलीनं रेती काढत. मग सक्शन पंप आले, खाडीचा तळ ओरबाडला, अधूनमधून तहसीलदार धाड घालतात, पंप फोडतात, आठवड्यानं पंप परत. पण रेतीच्या सरकारी धोरणात एक खिडकी आहे, हातपाटी आणि डुबी पद्धतीनं रेती काढणाऱ्या स्थानिकांना लिलावात न ढकलता परवाना. म्हणजे लिलाव हा काही देवाचा नियम नाही. पंपवाल्याच्या पुढं हातानं काढणाऱ्याला ठेवता येतं, असं सरकारनं स्वतःच मानलंय. रेतीला चालतं ते दगडाला का नाही?

जगाकडे बघायचं तर अमेरिकेतल्या काळ्या वाघांकडे आपण बघितलं, आता दक्षिण आफ्रिकेकडेही बघू. वर्णद्वेष गेल्यावर २००२ साली त्यांनी खनिज कायदा नवा केला आणि लिहिलं की खनिजं सगळ्या जनतेची, राज्य फक्त राखणदार. राखणदार हा शब्द कायद्यात घातला. त्याहून मोठी गोष्ट १४ ऑक्टोबर २००३ ची. रिख्टर्सफेल्ट भागातल्या नामा लोकांची जमीन हिऱ्यांसाठी गिळली होती. त्यांच्या घटना न्यायालयानं सांगितलं, जमीनही त्यांची आणि खालचं खनिजही त्यांचं, नोंदणीच्या वहीत नाव नसलं तरी. वहीत नाव नाही हा अन्यायाचा पुरावा आहे, अन्याय करायचा परवाना नाही, असा त्याचा अर्थ. त्या देशात गरिबी संपली असं नाही. पण वहीपुढं कोर्ट वाकलं नाही, हे तर झालं.

मग आपली मागणी काय? पाच गोष्टी, पाठ करा.

पहिली. खदानीचा प्रत्येक पट्टा गावाच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कात, ठळक नोंदवा. पट्टेदार कोण, किती क्षेत्र, किती ब्रास, कधीपर्यंत. वर्षातून दोनदा वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवा. आणि हद्दीला खांब, डोळ्यांना दिसतील असे.

दुसरी. हजेरीपट नाही तर पास नाही. ज्या दिवशी खदानीत कोण कामाला होतं हे यंत्रात भरलेलं नाही, त्या दिवशी डंपरचा पास निघू नये. यंत्र आहेच, एक रकाना वाढवायचा आहे.

तिसरी. ज्या गटात १-ई ची नोंद किंवा वनहक्काचा, गायरानाचा अर्ज पडून आहे, त्या गटात आधी अर्जाचा निकाल, मग पट्टा. २०११ साली सुप्रीम कोर्टानं गायरानावरची अतिक्रमणं हटवायला सांगितली, तेव्हासुद्धा भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींचा अपवाद ठेवलाय. तो अपवाद आपल्या तोंडपाठ असला पाहिजे.

चौथी. ठरावीक पट्टे खणणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना, लिलावाशिवाय. मजूर संस्थांच्या नावाखाली ठेकेदार काय करतात ते मला माहीत आहे. म्हणून सभासदांची यादी आणि हजेरीपट एकच असावा. जो खदानीत नाही तो यादीत नाही.

पाचवी. दंडाचा बोजा खनिज नेणाऱ्यावर. ज्याच्या शेतातून नेलं त्याच्यावर नाही, त्यानं नेलं हे सिद्ध झाल्याशिवाय.

यातली एकही मागणी क्रांतीची नाही, हे मला कळतं. कोणी म्हणेल, रकाना वाढवा, ही काय मागणी झाली? एवढ्यासाठी रस्त्यावर यायचं? त्याला मराठवाडा विद्यापीठाची आठवण द्या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार. सोळा वर्षं. वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. कशासाठी? एका पाटीवरच्या नावासाठी. नाव लागलं की काय होतं हे त्यांना नीट कळत होतं, म्हणूनच त्यांनी ते लागू दिलं नाही. आपण तरी ते विसरू नये.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा उघडला. नागपूरहून निघून ७०१ किलोमीटरनं आपल्या तालुक्यात आमण्याला येऊन थांबतो. मी तो बघायला बापाला घेऊन गेलो. बाप कुबडीवर उभा राहिला, खाली वाकून कठड्याच्या कडेची खडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, ‘‘चांगली फोडलीय.’’ एवढंच. त्याला रस्ता दिसत नव्हता. फोडणारा दिसत होता.

तेव्हा आता काम. पुढच्या जयंतीची वर्गणी काढाल तेव्हा सोबत एक वही घ्या. आपल्या वस्तीतला कोण कोणत्या खदानीत, कोणत्या वीटभट्टीवर, किती वर्षं, कोणाचा बोट-पाय गेला, कोणी किती उचल घेतली, लिहा. तारीख घाला, अंगठा घ्या, दोन साक्षीदार घ्या. दुसरीकडे २००५ च्या माहितीच्या कायद्याखाली अर्ज टाका. तालुक्यातले सगळे पट्टे, त्यांचे नकाशे, मुदत, भरलेलं स्वामित्वधन. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. एकात दगड असेल, दुसऱ्यात माणसं. ते दोन कागद एकमेकांना शिवून तहसीलदाराच्या टेबलावर ठेवायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही.

शीव आम्हालाच ठाऊक होती. आता आम्हीच ती लिहून काढू.

जयभीम.